उंदीर नव्हे, चिचुंद्री

वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे प्राण्यांविषयी बोलावयाचे म्हटले की वक्त्याने वाघाला हात घालावा, अशी आमच्या वऱ्हाडात अपेक्षा असते. ती चुकीची आहे असे नाही. मेळघाट आमच्या उशाशी आहे. १९७३-७४ साली देशात पहिले व्याघ्रप्रकल्प निघाले, त्या पहिल्या नऊंत मेळघाटाचे नाव होते. अमरावतीचा माणूस सेमाडोहला एक रात्र काढून आला की पुढे आठ दिवस राजकमल चौकातल्या मंडळींना वाघाच्या पंजाचा ठसा ऐकावा लागतो. परंतु आम्ही येथे ज्या प्राण्याविषयी लिहिणार आहोत, तो पाहावयास चिखलदऱ्याचा घाट चढावा लागत नाही. तो आपल्या मोरीत असतो.

मोरीपर्यंत आम्ही कसे पोचलो ते आधी सांगितले पाहिजे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची नात अकोल्यास येते. रात्री जेवणे झाल्यावर अंगणात बाज टाकून तिला पुस्तक वाचून दाखविणे हे काम आमच्याकडे असते. दोन वर्षांपूर्वी तिने आणलेल्या पुस्तकांत बीट्रिक्स पॉटर या इंग्रज बाईंचे, १९०५ साली निघालेले एक सचित्र पुस्तक होते. त्यात डोक्याला टोपी आणि पुढे एप्रन बांधलेली एक परटीण आहे. टोपीतून तिचे काटे बाहेर डोकावतात, कारण ती बाई नसून काटेरी पाठीचा एक लहानसा प्राणी आहे. आल्यागेल्या प्राण्यांचे कपडे ती धुऊन, इस्त्री करून देते. पुस्तक संपल्यावर नातीने विचारले, "आबा, हा काटेवाला आपल्या अंगणात का नाही येत?"

"तो तिकडे विलायतेत असतो," असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. हे उत्तर अर्धे खोटे होते, आणि उरलेले अर्धेही आम्हांला धड ठाऊक नव्हते.

मृगाचा पाऊस पडला. पाऊस पडला की आमच्या काळ्या मातीतली बिळे पाण्याने भरतात आणि उंदीर घरात शिरतात, हे वऱ्हाडात कोणाला सांगावे लागत नाही. स्वयंपाकघरात खुडबुड सुरू झाली. आम्ही बाजारातून उंदीर चिकटविण्याचा पुठ्ठा आणला आणि रात्री मोरीच्या तोंडाशी भिंतीला लावून ठेवला. सकाळी नातच आधी उठली. तिच्या हाकेने आम्ही धावलो, तो पुठ्ठ्यावर एक करड्या रंगाचा प्राणी तोंडावर पडून मेलेला, त्याच्या शेपटीच्या मुळाशी तोंड घालून एक इवलेसे पिल्लू चिकटलेले, त्याच्या शेपटीला धरून दुसरे चिकटलेले. आणि पुठ्ठ्याच्या बाहेर, कोरड्या फरशीवर आणखी दोन पिल्ले, एकाने पुढच्याची आणि दुसऱ्याने त्याची शेपूट धरलेली. ही दोन मोकळी होती. कोठेही जाऊ शकली असती. रात्रभर ती तशीच धरून उभी होती.

नात म्हणाली, "आबा, उंदीर अशी आगगाडी करतात का?"

आम्हांला उत्तर आले नाही. ते भांडी घासावयास आलेल्या मावशींनी दिले. पदराने नाक धरून त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "काहून ठेवलं जी हे? हे उंदीर नोहे, चिचुंदरी व्हय. झुरळं खाते ते. धान्याले तोंड नाई लावत बिचारी." चिकटलेली पिल्ले गोडे तेल लावून सोडविण्याचा आम्ही प्रयत्न केला, ती हातात आली तेव्हा त्यांत जीव नव्हता. मागची दोन आम्ही अंगणाच्या कोपऱ्यातील पऱ्हाट्यांच्या ढिगात नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तेथे नव्हती. शेजारचे मांजर त्या ढिगावर रोज बसते.

त्यानंतर आम्ही पुस्तके काढली. त्या वाचनात असे निघाले की नातीच्या प्रश्नाचे उत्तर पुठ्ठ्यावर पडले होते.

पुस्तकातली ती काटेरी परटीण म्हणजे संस्कृतात ज्याला जाहक म्हणतात तो प्राणी. हिंदी मुलखात त्याला काँटाचूहा म्हणतात. नाव चूहा असले तरी तो उंदीर नव्हे. आणि आपल्याकडे पुष्कळांचा समज होतो त्याप्रमाणे तो साळिंदरही नव्हे. साळिंदर हा कुरतडणारा, वीतभर लांबीचे काटे अंगावर वागविणारा दांडगा प्राणी. उंदराचाच मोठा भाऊबंद. जाहक हा ओंजळीत मावणारा, किडे खाऊन राहणारा, भ्याला की अंगाचा चेंडू करणारा. हिंदुस्थानात त्याच्या जाती आहेत, पण त्या प्रामुख्याने राजस्थान-गुजरातच्या कोरड्या रेताड भागात आणि दक्षिणेत तामिळनाडूकडे. आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात तो आमच्या पाहण्यात नाही.

इंग्लंडात मात्र हा प्राणी बागेचा पाहुणा मानतात. संध्याकाळी दिवा मालवून लोक खिडकीशी त्याची वाट पाहत बसतात. पूर्वी त्याला पाव आणि दूध ठेवण्याची चाल होती. दुधाने त्याचे पोट बिघडते असे कळल्यावर ती सोडून आता नुसते पाणी, किंवा मांजराचे खाणे ठेवतात. कुंपणे पक्की झाल्यामुळे त्याला एका बागेतून दुसरीत जाता येईना, म्हणून २०११ पासून तेथे एक चळवळ चालू आहे: प्रत्येकाने आपल्या कुंपणाला तळाशी तेरा सेंटिमीटर लांबीरुंदीचे एक भोक ठेवावे. एवढे करूनही त्याची संख्या घटतच गेली आणि २०२० साली ब्रिटनमधील सस्तन प्राण्यांच्या लाल यादीत त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून करावी लागली. एका प्राण्यासाठी कुंपणाला भोक पाडणारे लोक पाहून आम्हांला प्रथम हसू आले, हे कबूल करतो. मग तो पुठ्ठा आठवला.

या जाहकाचे जवळचे नातेवाईक कोण, याचा शोध घेताना प्राणिशास्त्रज्ञ उंदरांच्या कुळाकडे जात नाहीत. त्यांच्या मते जाहक, चिळी-मातीत बोगदे करणारा युरोपातला मोल, आणि चिचुंद्री ही एका गणातली भावंडे आहेत. या गणाला पूर्वी कीटकभक्षी म्हणत. आता रक्तातल्या आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीवरून नवे नाव दिले आहे, पण जाहक आणि चिचुंद्री यांचे नाते त्या तपासणीने अधिकच घट्ट केले. तेव्हा काटेवाला अंगणात का येत नाही, याचे खरे उत्तर असे की त्याची बहीण रोज येते, फक्त तिला काटे नाहीत. काट्यांऐवजी तिला वास दिला आहे.

चिचुंद्री ओळखणे कठीण नाही. आपण पाहत नाही एवढेच. सकाळी मेलेली सापडली किंवा पिंजऱ्यात आली तर आधी तोंड पाहावे. उंदराचे तोंड बोथट, डोळे मण्यांसारखे टपोरे. चिचुंद्रीचे नाक सोंडेसारखे लांब, खालच्या जबड्याच्या बरेच पुढे आलेले आणि सारखे हलणारे. डोळे मोहरीएवढे, असून नसल्यासारखे. अंग करड्या मखमलीसारखे. शेपूट मुळाशी जाड, टोकाकडे निमुळती, आणि तिच्यावर विरळ लांब केस. दात पाहण्याइतका धीर असेल तर आणखी खात्री पटते. उंदराला पुढे पटाशीसारखे दात असतात, ते जन्मभर वाढतात, म्हणून त्याला लाकूड, कपडा, पुस्तक, काही ना काही कुरतडावेच लागते. त्याचे एकूण दात सोळा. चिचुंद्रीचे तीस, आणि तेही टोकदार. किड्याचे कवच फोडण्याकरिता केलेले. तिला तुमच्या ज्वारीच्या पोत्याला भोक पाडता येत नाही. पाडण्याची इच्छा झाली तरी तिच्यापाशी ते हत्यार नाही.

तरीसुद्धा तिला उंदरांत मोजण्याची चूक फार जुनी व फार मोठ्या लोकांची आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात उंदरांच्या विषाचा विचार आहे. तेथे उंदरांच्या अठरा जाती सांगितल्या आहेत आणि त्यांत छुछुंदर हाही एक उंदीर म्हणून बसविला आहे. युरोपात लिनीअसने १७६६ साली तिचे शास्त्रीय नाव ठेवले. त्याने तिला उंदरांत घातले नाही, हे त्याचे कौतुक. पण नावातले दुसरे पद ठेवले 'म्यूरिनस', म्हणजे उंदरासारखी. मनुस्मृतीत चोरांना पुढील जन्मी कोणती योनी मिळते याची एक लांबलचक यादी आहे. तीत सुगंधी द्रव्ये चोरणारा चिचुंद्री होतो असे सांगितले आहे. शिक्षा देणाऱ्याला विनोदबुद्धी होती, एवढे म्हणावे लागते.

हा वास तिच्या दोन्ही कुशींवरच्या ग्रंथींतून येतो. नराचा अधिक, आणि भ्याल्यावर किंवा डिवचल्यावर फारच. आमचा अनुभव असा की ती आपल्या वाटेने चालली असता दोन हातांवरूनही वास जाणवत नाही. झाडू घेऊन मागे लागले की मग खोली भरते. म्हणजे ज्या वासासाठी आपण तिला हाकलतो, तो पुष्कळदा हाकलण्यानेच येतो. तो तिचे चिलखत आहे. मांजर तिला मारते पण बहुधा खात नाही. उंबऱ्यावर पडलेली अखंड चिचुंद्री हा त्याचा पुरावा. सापाच्या तोंडी चिचुंद्री आली की त्याला गिळवतही नाही आणि टाकवतही नाही, ही हिंदीतली म्हण आपल्याकडेही ठाऊक आहे. गोऱ्या साहेबांच्या काळी त्यांची अशी ठाम समजूत होती की चिचुंद्री नुसती बाटलीवरून धावली तरी बूच भेदून आतली दारू नासते. बाटलीत आधी काय भरले होते, याची चौकशी करणे साहेबाला सोयीचे नसावे. किप्लिंगच्या १८९४ च्या जंगलबुकात रिक्की-टिक्की नावाच्या मुंगसाची गोष्ट आहे. तीत चुचुंद्रा नावाचा एक रडका जीव येतो, ज्याला खोलीच्या मध्यभागी जाण्याचा कधी धीर होत नाही. किप्लिंगने निरीक्षण बरोबर केले, कारण मात्र भित्रेपणा दिले. वास्तविक तिला फारसे दिसत नाही. मिशांनी भिंत चाचपीत, कडेकडेने जाणे हाच तिचा रस्ता. मध्यभागी भिंत नसते.

इंग्रजांनी तरी आपल्या चिचुंद्रीला बरे वागविले असे नाही. ती गुरांच्या अंगावरून गेली तर गुरे लंगडी होतात अशी खेड्यांत समजूत होती, आणि त्यावर तोडगा म्हणून झाडाच्या खोडाला भोक पाडून त्यात जिवंत चिचुंद्री कोंडून बूच मारीत. गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने १७८९ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात अशा झाडाची हकीकत दिली आहे. तिचे इंग्रजी नाव तर भांडखोर बायकोचे विशेषण होऊन बसले. शेक्सपिअरच्या ज्या नाटकावरून वासुदेव बाळकृष्ण केलकरांनी मराठीत 'त्राटिका' आणले, त्याच्या मूळ नावात हीच चिचुंद्री आहे. केलकरांनी तिच्या जागी राक्षसीण घातली. मराठी प्रेक्षकांना चिचुंद्रीचे भय वाटले नसते, किळस आली असती.

चीनमधील लोक मात्र या बाबतीत आमच्याहून रसिक निघाले. तिचा आवाज ऐकला आहे काय? धावताना ती बारीक, तुटक, किणकिणता आवाज करते. चिनी कानांना तो नाणी खुळखुळल्यासारखा वाटला, म्हणून तिचे तिकडचे एक नाव पैशांचा उंदीर. तेथे तिचे येणे शुभ मानतात. आपल्याकडेही काही घरांत चिचुंद्री म्हणजे लक्ष्मी असे म्हणणाऱ्या आजीबाई आढळतात. पण सून झुरळाचे औषध फवारते तेव्हा आजीबाई गप्प असतात.

आता ती करते काय? झुरळे, रातकिडे, वाळवी, गोगलगायी, मातीतल्या अळ्या, गांडुळे, असे जे सापडेल ते खाते. तिच्या देहाची भट्टी इतकी जलद जळते की रात्रभर थोड्याथोड्या वेळाने तिला काही तरी पोटात घालावेच लागते. स्वयंपाकघरात पडलेला भाकरीचा तुकडा, कुत्र्याच्या ताटलीतले उष्टे हेही ती खाते, हे लपविण्यात अर्थ नाही. ती संत नव्हे. पॅसिफिकमधील ग्वाम बेटावर ती १९५३ साली जहाजांबरोबर पोचली आणि तेथे तिने चांगलाच उच्छाद मांडला. तेथील लहान सरड्या-पालींना अशा शिकाऱ्याची सवय नव्हती. पण येथे ती परकी नाही. येथील झुरळांना तिची, मांजरांना तिच्या वासाची आणि घुबडांना तिच्या वाटेची ओळख हजारो वर्षांची आहे.

उंदीर आणि ती यांत आणखी एक फरक प्रयोगशाळेत कामी आला. उंदराला ओकारी येत नाही. त्याच्या शरीराची तशी घडणच नाही. चिचुंद्रीला येते. त्यामुळे गाडी लागणे, औषधाने मळमळणे यांवरील उपाय तपासण्यासाठी जपानमधील संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात तिला पाळून वाढविले, आणि कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या वांत्यांवरील संशोधनात तिचा उपयोग झाला. ज्यांच्या घरी असा रुग्ण झाला असेल त्यांना हे ऐकून तिच्याविषयी निदान कुतूहल वाटेल.

वरची आगगाडी ही तर तिची खासियत. सुमारे एक महिन्याच्या गर्भारपणानंतर तिला बहुधा दोन-तीन, कधी चार-पाच पिल्ले होतात. पाने, चिंध्या, कागदाचे तुकडे गोळा करून ती घरटे करते. आमच्याकडे पऱ्हाट्या-तुराट्यांचा ढीग तिला फार पसंत पडतो. घरटे उसकटले की ती पिल्लांना घेऊन निघते. पिल्लांना वाट दिसत नाही. म्हणून पहिले आईच्या शेपटीच्या मुळाशी दातांनी धरते, दुसरे पहिल्याच्या, तिसरे दुसऱ्याच्या, आणि सगळी माळ भिंतीच्या कडेने, एका लयीत धावत जाते. आई थांबली की सगळी थांबतात. आणि आई पुठ्ठ्याला चिकटली तर मागची सोडत नाहीत. ते आम्ही पाहिले आहे.

येथे रोगांविषयी बोलले पाहिजे, कारण श्रोत्यांच्या मनात तो प्रश्न केव्हाचा असेल. उंदराची भीती आपल्या हाडीमासी खिळली ती १८९६ च्या मुंबईतील प्लेगपासून. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून येतो हे सीमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखविले. आणि ही पिसू चिचुंद्रीच्या अंगावरही राहू शकते. वेलोरनजीक तोट्टपाळयम येथे १९६४ साली पकडलेल्या एका चिचुंद्रीत सापडलेला विषाणू पुढे हंता विषाणूंच्या कुळातला निघाला. लेप्टोचे जंतूही तिच्या मुतात असू शकतात. तेव्हा आम्ही तिला पाळा, कुरवाळा, मुलांच्या हाती द्या असे मुळीच म्हणत नाही. मेलेली उचलायची तर हातात पिशवी घालून उचलावी, जागा फिनेलने धुवावी, आणि स्वयंपाकघर हे तिचे स्थान नव्हे हे मोरीला बारीक जाळी बसवून तिला सांगावे. तिची जागा अंगणात, परसात, कंपाउंडाच्या भिंतीशी. मैत्री दुरूनच बरी. पुष्कळ शेजाऱ्यांशी आपण तेवढीच ठेवतो.

परंतु रोगाच्या भीतीने आपण जे करतो ते पाहा. उंदरांसाठी काळी पूड पिठात कालवून ठेवतात. ती झिंक फॉस्फाइडची असते. पोटातल्या आम्लाशी मिळून तिचा विषारी वायू होतो. दुसऱ्या प्रकारच्या वड्या, ब्रोमाडिओलोन आणि तत्सम औषधांच्या, अधिक सभ्य दिसतात. त्या रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतात आणि उंदीर काही दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. या काही दिवसांत तो हिंडत असतो, मंद झालेला असतो, आणि गव्हाणी घुबडाच्या किंवा शेजारच्या मांजराच्या पोटात जातो. विषही त्याबरोबर जाते. चिचुंद्री वडी खाईल न खाईल, पण ती वडी कुरतडलेले झुरळ आणि रातकिडा नक्की खाते. इंग्लंडात मेलेले जाहक तपासून २०१० साली जो वृत्तांत प्रसिद्ध झाला, त्यात किड्यांवर जगणाऱ्या या प्राण्यांच्या यकृतांत उंदीरमार औषधांचे अंश मोठ्या प्रमाणावर आढळले. आपल्या अंगणातली गोष्ट निराळी असेल असे मानण्यास काही कारण नाही. विषाच्या बाबतीत वऱ्हाडाने तरी अधिक सावध असावे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर दगावले, ते अजून कोणी विसरलेले नाही. वावरातले विष आपल्याला दिसते. घरातल्या वडीला आपण विष म्हणतच नाही.

उंदीर झाले तर काय करावे? पिंजरा लावावा. जुना, तारेचा, आमच्या आजोबांच्या वेळचा पिंजरा. त्याला डोळे नसतात तरी तुम्हांला असतात. सकाळी तोंड पाहून ठरविता येते. फक्त तो रात्री झोपताना एकदा आणि पहाटे एकदा पाहावा, कारण चिचुंद्री अडकली तर काही तासांच्या उपासानेच ती मरते. दुपारी बारा वाजता पिंजरा पाहणाऱ्याने लावूच नये. चिकट पुठ्ठ्याविषयी आम्ही अधिक काही लिहीत नाही.

तिला अंगणात येऊ द्यावे यासाठी फारसे करावे लागत नाही. बरेचसे न करावे लागते. अकोल्याच्या आणि अमरावतीच्या नव्या ले-आउटांत आम्ही हिंडतो तेव्हा दिसते की कंपाउंडाची भिंत तळापासून सिमेंटची, आत कडेपर्यंत गट्टू बसविलेले, चार कुंड्या आणि एक मोटार. पावसाचे पाणीही तेथे मुरत नाही, तर किडा कोठून राहणार, आणि किडा नाही तर किडा खाणारी कोठून येणार! आम्ही आमच्या भिंतीला मागच्या बाजूस मूठभर जागा मोकळी सोडली, जुनी वीट काढून. एका कोपऱ्यात पालापाचोळा झाडण्याचे थांबविले. पऱ्हाट्या जळणासाठी आता लागत नाहीत, तरी एक पेंढी ठेवली आहे. बागेत फवारणी बंद केली. भेंडीवर मावा पडला तो पडला.

पाहण्याची उत्तम वेळ आमच्या वऱ्हाडात चैत्र-वैशाख, आणि उत्तम जागा कूलरच्या मागे. पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेव्हा सगळ्या आवारात ओल असते ती कूलरच्या टाकीतून ठिबकणाऱ्या पाण्याची. त्या ओलीवर रातकिडे येतात, बेडूक येतात, आणि रात्री साडेनवाच्या सुमारास भिंतीच्या कडेने ती येते. दिवा मालवावा. विजेरीच्या काचेवर लाल पतंगी कागद बांधावा. तांबड्या उजेडाने ती बिचकत नाही. खुर्ची भिंतीपासून दूर ठेवावी, म्हणजे तिच्या रस्त्यावर आपले पाय येत नाहीत. मग नाकाची सोंड आधी दिसते. ती ओल्या मातीत तीन-चार ठिकाणी नाक खुपसते, एकदम काही तरी पकडते, मान झटकते, आणि कुरकुर चावण्याचा आवाज येतो. एवढ्या लहान तोंडातून एवढा मोठा आवाज येतो याचे प्रथम नवल वाटते.

पहिल्या उन्हाळ्यात आम्हांला ती चार वेळा दिसली, तीही निघून जाताना. या वर्षी नात आली तेव्हा तिने पाटीवर तारखा घालून रेघा मारावयास सुरुवात केली. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री कूलरचे पाणी संपले म्हणून आम्ही बादली घेऊन मागे गेलो, तो नातीने बाही ओढून थांबविले. भिंतीशी पऱ्हाट्यांच्या पेंढीतून ती बाहेर पडत होती आणि मागे माळ होती. नातीने बोटांवर मोजले: तीन. माळ विटेच्या भोकापर्यंत गेली, आई आत शिरली, पहिले शिरले, दुसरे शिरले, तिसऱ्याचा पाय कडेला अडकला आणि ते क्षणभर लोंबकळले, पण शेपूट सोडली नाही. ओढले गेले आणि दिसेनासे झाले. पलीकडे शेजाऱ्यांचे आवार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नात आमच्या आधी तिकडे गेली. काकूंना तिने विचारले, "तुमच्याकडे उंदराचं औषध ठेवलं आहे का?" काकूंनी ओट्याखालची वाटी काढून तिच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली. नातीने ती डब्यातून पुन्हा बाहेर काढावयास लावली, जाड पिशवीत बांधून घेतली, आणि घरी आणून आमच्या हातात दिली.